तपासणीची वजने

तराजू तपासायचा, तर प्रथम त्यात काहीही ठेवायचे नसते. रिकामी पारडी डोळ्यांच्या रेषेत घ्यायची, श्वास रोखून धरायचा आणि काटा कोठे विसावतो ते पाहायचे. शून्यच खोटे असेल, तर पुढची सारी मापे खोटी. विद्याधरराव ओगले यांनी वैधमापन खात्यात निरीक्षक म्हणून चौतीस वर्षे काढली, ती या एका सूत्राच्या बळावर. मिरजेच्या बाजारात त्यांची चाहूल लागली, की भल्याभल्या दुकानदारांच्या तोंडचे पाणी पळे. भीड नाही, भेट नाही, कुणाच्या चहाच्या कपालाही हात लावायचा नाही. परंतु स्वतःच्या घरातले एक शून्य त्यांनी आयुष्यात कधी तपासले नव्हते, आणि ते त्यांना कळले वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी.

“काका, पट्टा फार घट्ट नको. करंगळी आत गेली पाहिजे,” ओवी विद्याधररावांना म्हणाली.

ओवी खरमाटे ही जिल्ह्याच्या आधार केंद्राची समन्वयक. वय जेमतेम तिशीचे. तिच्यासमोर खुर्चीत बसला होता तो विद्याधररावांचा धाकटा भाऊ मिलिंद, घरचा मिलू. वय बासष्ट. केस पांढरे झालेले, चेहरा मात्र बालकासारखा नितळ. “याची समज पाच वर्षांच्या मुलाइतकीच राहील,” असे एका डॉक्टरांनी त्याच्या लहानपणी सांगितले होते, आणि ते वाक्य घराने शिलालेखासारखे जपले होते. त्यानंतर मिलूविषयी नवे काही जाणून घ्यावे, असे कुणाला वाटले नाही.

मनगटावरच्या राखाडी पट्ट्याकडे पाहत मिलू एकाच सुरात गुणगुणत होता. विद्याधररावांनी घसा खाकरला. गुणगुण थांबली. मिलूने दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवले, पाठ ताठ केली आणि तो स्पष्ट शब्दांत म्हणाला, “नमस्कार. मी बरा आहे. तुम्ही कसे आहात?”

“अय्या, किती छान बोलतात हो!” ओवी हसली.

विद्याधररावांच्या मुद्रेवर समाधान पसरले. मुहूर्त तरी चांगला साधला होता.

त्यांच्या हृदयाची एक झडप निकामी होत आली होती. शस्त्रक्रियेचा दिवस दोन महिन्यांवर होता. चार वर्षांपूर्वी पत्नी वृंदा गेली, तेव्हापासून घरात दोघे भाऊच. आपल्यामागे मिलूचे काय, या प्रश्नाचे उत्तर ते आठ महिने शोधत होते. एका संस्थेत अठरा वर्षांपर्यंतचीच मुले घेत, दुसरीत पंचेचाळीसपर्यंत. एका ठिकाणी म्हणाले, “स्वतःची अंघोळ स्वतः करता आली पाहिजे.” दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, “अंघोळ करता येते ना? मग आमच्याकडे नाही.” एका दारात मिलू फार शहाणा ठरे, पुढच्या दारात फार अडाणी. मुलगी ऋजुता नागपूरहून पुन्हा पुन्हा म्हणे, “बाबा, काकाला माझ्याकडे पाठवा ना. आमच्या घरात त्याचं ओझं कुणाला व्हायचंय?” विद्याधरराव विषय बदलत. ऋजुताच्या लग्नात व्याह्यांना सांगितले होते, की काका गावी असतात, प्रकृतीमुळे येऊ शकत नाहीत. काका तेव्हा दोन दिवस तीन गल्ल्या पलीकडे, रशीदभाईंच्या तानपुऱ्यांच्या कारखान्यात बसून होता. आता कोणत्या तोंडाने त्याला नागपूरला पाठवायचे?

अशा वेळी आधार-हक्काचा नवा कायदा आला. मालगाव रस्त्यावर सहनिवास उभा राहिला. दहा खोल्या, सोबतीला शिकलेली माणसे, मरेपर्यंत आसरा. एक खोली रिकामी होती. ती कुणाला द्यायची, हे ठरणार होते प्रयासमापकाच्या साक्षीने.

या प्रयासमापकाचे मर्म सांगितले पाहिजे. जुन्या काळी अशा माणसांची परीक्षा कृतींची यादी करून होत असे. गुंडी लावता येते का? पेला उचलता येतो का? नाव सांगता येते का? उत्तर एवढेच, होय किंवा नाही. परंतु तोच हंडा एक जण सहज उचलतो आणि दुसरा सारे प्राण एकवटून. दोघांच्या नावापुढे मात्र एकच खूण पडते. संशोधकांनी विचारले, की कृती झाली खरी, पण तिच्यासाठी देहाने काय वेचले? मनुष्य चेहरा लपवू शकतो, शब्द लपवू शकतो. हृदयाच्या दोन ठोक्यांमधले अंतर, त्वचेवरचा सूक्ष्म ओलावा, स्नायूंतला डोळ्यांना न दिसणारा कंप त्याला लपवता येत नाही. मनगटावरचा पट्टा हे सारे अहोरात्र टिपतो. भिंतीवरची काडेपेटीएवढी डबी आवाज ऐकते. बोलणे ती साठवत नाही, केवळ ज्या ध्वनीनंतर देहाचा ताण उसळतो तेवढाच ध्वनी राखून ठेवते. आणि हे यंत्र सर्वांना एका मापाने मोजत नाही. आधी ते त्या एका माणसाची स्वस्थता शोधते. तो निश्चिंत असताना त्याचा देह कसा असतो, हे त्याचे शून्य. मग प्रत्येक कृती त्या शून्यापासून किती दूर, ते मोजायचे.

“म्हणजे आधी रिकामी पारडी,” विद्याधरराव म्हणाले.

“अगदी बरोबर, काका! म्हणून तर एकवीस दिवस लागतात. यात पास-नापास नाही हं. रोज जसं वागता तसंच वागा.”

त्यांनी मान डोलावली. हे तत्त्व त्यांच्याइतके मिरजेत कुणाला कळणार? आणि तरीही, ओवी जिना उतरून गेली न गेली, तोच त्यांनी मिलूला पुन्हा खुर्चीवर बसवले.

याला कारण होते. मिलू सहा वर्षांचा असताना आई त्याला शाळेत घेऊन गेली होती. मुख्याध्यापकांसमोर मिलू ओरडला, शाईची दौत त्याने भिंतीवर फेकली. “बाई, आधी याला माणसांत बसायला शिकवा, मग आणा,” असे मुख्याध्यापक म्हणाले. आई रडत परतली. पंधरा वर्षांचा विद्याधर बरोबर होता. त्याच्या सदऱ्यावर शाईचे शिंतोडे होते. त्या दिवसापासून वडिलांनी मिलूला माणसांत बसायला शिकवले. पाहुण्यांसमोर मुलाला दटावता येत नाही, म्हणून खूण ठरली घसा खाकरण्याची. खाकरले, की गुणगुण बंद, पंजे गुडघ्यांवर आणि ते तीन वाक्यांचे सूत्र. चुकले, तर पाहुणे गेल्यावर माडीवरची अंधारी खोली. वडील गेले, खोली गेली. खाकरणे थोरल्याकडे वारशाने आले.

जागा चांगल्या वागणाऱ्यालाच मिळते, हा विद्याधररावांच्या हाडीमासी मुरलेला सिद्धांत होता. शिवाय आता तर भिंतीवर कान बसला होता. मग काय, एकवीस दिवस पाहुणे घरात मुक्कामाला आहेत असेच समजायचे!

“मिलू, गुंडी. वरून खाली. हं, पुन्हा.”

“दादा, दमलो.”

“दमलो म्हणायचं नाही. काय म्हणायचं?”

“मी माझे कपडे स्वतः घालतो.”

“शाब्बास. आता पेला.”

पेला हिंदकळला, की खाकरणे. जेवताना घास गालात राहिला, की खाकरणे. गुणगुण तर उगवताच खुडायची. दुपारी तीन वाजता निवृत्त मित्रमंडळी पत्ते खेळायला येत. त्याआधी मिलूला रशीदभाईंकडे पोचवले जाई आणि पाच वाजता आणले जाई. तेवढे दोन तास विद्याधररावांनाही विश्रांती.

दहाव्या दिवशी ऋजुताने दूरध्वनीच्या पडद्यावर काकाला पाहिले. मिलू शिस्तीत बसला होता.

“बाबा, काका इतका गप्प का? पूर्वी मला बघून टाळ्या पिटायचा.”

“वय झालं त्याचं.”

“तुम्ही त्याची तालीम तर घेत नाही ना? बाबा, ही वक्तृत्वस्पर्धा नाहीये हो!”

“तू मला मापन शिकवू नकोस,” विद्याधरराव म्हणाले, आणि सवयीने त्यांनी घसा खाकरला. पडद्यासमोर बसलेला मिलू लगेच म्हणाला, “नमस्कार. मी बरा आहे. तुम्ही कसे आहात?”

 ऋजुताने पडदा बंद केला.

बाविसाव्या दिवशी ओवी अहवाल घेऊन आली. मिलू त्या वेळी रशीदभाईंकडे होता.

“कार्यांक शंभरपैकी चौऱ्याऐंशी,” ती म्हणाली.

“चौऱ्याऐंशी!” विद्याधरराव अर्धवट उठलेच. “विशेष प्रावीण्य की हो! पेढे आणायला हवेत. खोली कधी मिळेल?”

ओवीने त्यांच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात कीव होती, म्हणून त्यांना ते आवडले नाही.

“काका, साठच्या वर कार्यांक गेला की आधाराची गरज नाही असं धरतात. चौऱ्याऐंशीला खोली नाही. सोबतीची माणसंसुद्धा नाहीत.”

ते हळूहळू खाली बसले. साठ वर्षे ज्या गुणांसाठी खस्ता खाल्ल्या, तेच गुण आडवे आले होते.

“पण दुसरा अंक बघा,” तिने पडद्यावर एक रेषा उघडली. “हा प्रयासांक, एक्क्याण्णव. एवढ्या वर मी अजून कुणाचा पाहिला नाही. नुसती गुंडी लावताना त्यांचं हृदय असं धावतं, जसं कुणी पाठीमागे लागलंय. आणि ही शिखरं मोजली आम्ही. एकवीस दिवसांत चारशे बारा. प्रत्येक शिखराच्या आधी एकच आवाज आहे.”

“कसला आवाज?”

तिने बोट टेकवले. खोलीत कुणीतरी घसा खाकरला. थांबून पुन्हा. पुन्हा. एकामागून एक, एकाच चालीत. विद्याधररावांना प्रथम वाटले, हे वडील आहेत. इतका तो स्वर त्यांचा होता. मग त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावला.

“बंद कर,” ते म्हणाले.

ओवीने बंद केले. मग खालच्या आवाजात ती म्हणाली, “रोज दुपारी तीन ते पाच ही रेषा बघा, काका. सपाट. अगदी संथ पाण्यासारखी. हे दोन तास नसते, तर यंत्राला मिलूकाकांचं शून्य सापडलंच नसतं. घरातल्या ताणालाच आम्ही त्यांचा स्वभाव समजलो असतो. तीन ते पाच ते कुठे असतात?”

 भावाला आपण लपवतो तेथे, असे कसे सांगायचे?

पुढचे ओवीने समजावून दिले. यंत्र कष्ट दाखवते, कष्टांचे कारण दाखवत नाही. ते माणसाने सांगायचे असते. दोन अंकांत अशी तफावत पडली, की समिती कुटुंबाला बोलावते. खाकरणे हा योगायोग आहे, असे विद्याधररावांनी म्हटले, तर प्रयासांक बाजूला पडेल, चौऱ्याऐंशी कायम होईल आणि खोली दुसऱ्याला जाईल. आपण त्याला असे घडवले, हे त्यांनी मान्य केले, तर नवे मापन होईल.

“लिहून दिलं तर?”

“तोंडी सांगावं लागतं, काका. मिलूकाकांच्या समोर. ज्याचा निर्णय, त्याच्या माघारी नाही. कायद्याचं पहिलंच कलम आहे ते.”

ती समितीच्या सूचनेचा कागद ठेवून गेली. त्यावर नागरिक सदस्याचे नाव होते: बसवराज कोरे, धान्याचे व्यापारी.

कोरे! तीस वर्षांपूर्वी त्यांच्या दुकानात विद्याधररावांनी वजनांचे दोन संच पकडले होते. एक स्वच्छ, शिक्क्याचा, फडक्यात बांधून गल्ल्याखाली ठेवलेला, निरीक्षक आला की मांडायचा. दुसरा रोजच्या वापरातला, तळाचे शिसे कोरून काढलेला. बाजारात त्या पहिल्या संचाला तपासणीची वजने म्हणत. भर बाजारात, गिऱ्हाइकांसमोर ते कोरेंना म्हणाले होते, “दाखवायला एक आणि वापरायला एक! लाज नाही वाटत?” त्यानंतर दोन वर्षे कोरेंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिले नव्हते.

त्यांनी कागदाची घडी घातली आणि ती खिशात ठेवली.

त्या दिवशी मिलूला आणायला ते पाच वाजेपर्यंत थांबले नाहीत. साडेतीनलाच निघाले. वृंदा गेल्यापासूनच्या चार वर्षांत ते कारखान्याचा उंबरठा कधी ओलांडून आत गेले नव्हते. बाहेरूनच हाक मारीत.

आत छताला वाळलेले भोपळे टांगले होते. लाखेचा आणि ताज्या भुशाचा वास होता. रशीदभाई मांडीवर तानपुरा आडवा घेऊन घोडीवरच्या तारेखाली सुताचा धागा सरकवीत होते. धागा योग्य जागी बसला, की तारेचा नाद उमलून दरवळतो. त्यालाच जवारी खुलणे म्हणतात. मिलू तानपुऱ्याच्या भोपळ्याला गाल लावून डोळे मिटून बसला होता. त्याचे ओठ सैल होते, एक पाय आपल्याच नादात हलत होता. धागा केसभर सरकला आणि मिलूच्या कंठातून तीच, घरात खुडलेली गुणगुण उमटली, अगदी तारेच्या स्वरात मिसळून.

“झालं! मिलूभाऊंनी सांगितलं की झालं,” रशीदभाई म्हणाले. मग त्यांची नजर दाराकडे गेली. “अरे, ओगलेसाहेब! या, या. आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?”

“हा… याला कळतं यातलं?”

“कळतं? साहेब, माझ्या मुलापेक्षा कान तयार आहे यांचा. वहिनीसाहेबांनी आणून बसवलं पहिल्यांदा. म्हणाल्या, भाईजान, घरात याला आवाज काढू देत नाहीत, तुमच्याकडे काढू द्या. बारा वर्षं झाली. वहिनी आत बसून ऐकायच्या. तुम्ही मात्र दारातूनच.”

बारा वर्षे. वृंदाने हे कधी सांगितले नव्हते. की सांगितले होते आणि आपण ऐकले नव्हते? विद्याधररावांचा कंठ दाटून आला. डोळे भरले. काहीतरी बोलायला हवे म्हणून, आवाज फुटावा म्हणून, त्यांनी नकळत घसा खाकरला.

मिलू विंचू डसल्यासारखा उठला. भोपळा कलंडला, रशीदभाईंनी तो हातावर झेलला. मिलू जवळच्या स्टुलावर बसला. पंजे गुडघ्यांवर. पाठ ताठ. मनगटावर अजून असलेल्या पट्ट्याचा, ताण दाखवणारा बारीक दिवा हिरव्याचा तांबडा झाला. आपल्या सख्ख्या भावाच्या तोंडाकडे पाहत, परक्या पाहुण्याला म्हणावे तसे तो म्हणाला, “नमस्कार. मी बरा आहे. तुम्ही कसे आहात?”

रशीदभाईंनी मान खाली घातली आणि ते निष्कारण भोपळा पुसू लागले.

समितीच्या बैठकीला मिलू आला तो इस्त्रीच्या सदऱ्यात. त्याला पाहून विद्याधररावांना लाजच वाटली; सदरा त्यांनीच सवयीने काढून ठेवला होता. टेबलामागे अध्यक्षा डॉक्टरीणबाई आणि बसवराज कोरे होते. कोरे आता ऐंशीच्या घरात आलेले, कानात यंत्र, हातात काठी. ओवी एका बाजूला बसली होती. इतकी माणसे पाहून मिलूने आपण होऊनच पंजे गुडघ्यांवर ठेवले आणि ते तेथून हलवले नाहीत.

“ओगले, हा आवाज तुमचा आहे का?” अध्यक्षांनी विचारले.

“माझा.”

“योगायोग, की खूण?”

विद्याधररावांच्या घशात काटा उभा राहिला. खाकरण्याची ऊर्मी इतकी प्रबळ होती, की डोळ्यांत पाणी आले. त्यांनी पेला उचलला, तीन घोट पाणी गिळले. मग ते अध्यक्षांऐवजी कोरेंकडे वळले.

“कोरेशेट, तुमच्या दुकानात मी दोन संच पकडले होते. आठवतं?”

“विसरलो कुठं? बाजार हसत होता की मला.”

“तेव्हा मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर आज मी द्यायचं आहे. मी माझ्या भावाचा तपासणीचा संच वेगळा ठेवला. लोकांना दाखवायचा एक मिलू घडवला. खरा मिलू रशीदभाईंकडे लपवला, पाहुण्यांपासून, व्याह्यांपासून, स्वतःच्या मुलीच्या लग्नातसुद्धा. खाकरणं ही खूण आहे. वडिलांनी लावली, मी चालवली. हा चौऱ्याऐंशी त्याचा नाही. तो माझ्या भीतीचा आकडा आहे.”

 कोरेंनी काठीवर हनुवटी टेकली.

“ओ साहेब,” ते सावकाश म्हणाले, “आमची वजनं लोखंडाची होती.”

यात डंख नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले. तीस वर्षे बाजारातल्या सर्वांत ताठ मानेच्या मनुष्याची मान तेथे लवली.

“मी दंड भरला, सुटलो,” कोरे पुढे म्हणाले. “तुमचं कसं व्हायचं, देव जाणे. बाई, माझं मत द्यायचं तर द्या खोली. शून्य तरी नीट लागू दे एकदा त्याचं.”

अध्यक्षांनी निर्णय लिहून घेतला. खोली तात्पुरती मंजूर. एकवीस दिवसांचे नवे मापन सहनिवासात होईल. त्या काळात थोरल्या भावाने भेटू नये. दुपारी तीन ते पाच रशीदभाईंकडे जाणे पूर्ववत ठेवावे. पुढे भेटी मिलिंद ओगले यांच्या इच्छेने.

“इच्छा कशी कळणार?” विद्याधररावांनी विचारले.

“विचारून,” ओवी म्हणाली.

त्यांना कळले, की साठ वर्षांत आपण हे एक केले नव्हते.

शस्त्रक्रिया पार पडली. घशात घातलेल्या नळीने आतून ओरखडे काढले होते. दिवसभर खवखव चाले. ऋजुता येऊन महिनाभर राहिली. तिने काकाची भेट घेतली, परतली आणि एवढेच म्हणाली, “टाळ्या पिटल्या त्यानं.” पुढे काही विचारण्याचे धाडस विद्याधररावांनी केले नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या सातव्या आठवड्यात ओवीचा निरोप आला: मिलूकाकांना विचारले, ‘दादा येऊ दे’ म्हणाले.

सहनिवासाच्या ओसरीवर ओवी भेटली. “नवा कार्यांक एकतीस,” ती म्हणाली. “खोली कायमची झाली, काका.”

एकतीस. आयुष्यभर ज्या आकड्याला ते भ्याले, तो हा. गुंडी लावता येत नाही. पेला हिंदकळतो. घास गालात राहतो. तरीही या एकतिसात मिलूचे स्वतःचे असे काही होते; चौऱ्याऐंशीत काहीच नव्हते. आत जाण्यापूर्वी विद्याधरराव फाटकाबाहेर रस्त्यावर गेले, तेथे लांब उभे राहून घसा मोकळा केला आणि मग परत आले.

मिलू खिडकीशी बसून एका भोपळ्याला काचकागद घाशीत होता. सदऱ्याच्या गुंड्या वरखाली लागल्या होत्या. तो गुणगुणत होता. दारात दादाला पाहताच गुणगुण थांबली. काचकागद खाली पडला. कुणीही खाकरले नव्हते. दिसणेच पुरेसे होते. पंजे गुडघ्यांवर गेले. दिवा तांबडा झाला.

“नमस्कार. मी बरा आहे. तुम्ही कसे आहात?”

विद्याधरराव दाराशीच जमिनीवर बसले. बसताना छातीच्या टाक्यांत कळ आली.

“मी बरा नाही, मिलू,” ते म्हणाले. “मला फार लाज वाटते.”

त्या प्रश्नाला साठ वर्षांत कुणी उत्तर दिले नव्हते. पाहुणे हसत, कौतुक करीत आणि दुसरे काही बोलू लागत. त्यामुळे उत्तर आले तर पुढे काय करायचे, हे मिलूला कुणी शिकवले नव्हते. तो दादाकडे पाहत राहिला. त्याच्या कपाळावर आठी पडली, जशी रशीदभाईंकडे धागा चुकीच्या जागी असताना पडे.  मग उजवा पंजा गुडघ्यावरून सुटला. त्याने वाकून काचकागद उचलला.

“घसा दुखतो?” मिलूने विचारले.

“हो.”

“खोकू नको.”

“नाही खोकणार.”

मिलूने खुर्ची फिरवली आणि भावाकडे पाठ केली. भोपळ्यावर काचकागद पुन्हा चालू लागला, आधी थांबत थांबत, मग एका लयीत. विद्याधररावांच्या घशातली खवखव असह्य झाली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होते. त्यांनी दोन्ही पंजे आपल्या गुडघ्यांवर घट्ट दाबले, पाठ ताठ केली आणि ते आवाज न करता बसून राहिले.

बऱ्याच वेळाने, पाठमोऱ्या मिलूच्या बाजूने, अगदी हलकी, गुणगुण ऐकू आली.